घसाऱ्याचे गणित आणि जुन्या गाडीचा मालक

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)

मोटारीचा विमा हा विषय समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात कशासाठी, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मोटार म्हणजे सुखवस्तूंचे वाहन आणि तिच्या अपघाताची भरपाई म्हणजे सुखवस्तूंची कुरकुर, अशी समजूत चळवळीत पूर्वीपासून रुजलेली आहे. एके काळी ती खरीही होती. आज नऊ-दहा वर्षांची जुनी गाडी कोणाच्या दारात उभी असते, हे डोळे उघडे ठेवून पाहिले म्हणजे ही समजूत टिकत नाही. शाळेची मुले नेणारा व्हॅनवाला, तालुक्याच्या गावाहून आईला आठवड्यातून दोनदा डायालिसिससाठी जिल्ह्याच्या ठिकाणी नेणारा शिक्षक, चार बाजार फिरणारा कापडविक्रेता, निवृत्तीच्या फंडातून दुसऱ्या हाताची गाडी घेतलेला गिरणीतला जॉबर, हे जुन्या गाड्यांचे मालक आहेत. नवी गाडी घेऊ शकणारा मनुष्य ती पाच-सहा वर्षांत विकून टाकतो. ती त्याच्याहून कमी मिळकतीच्या माणसाकडे जाते आणि पुढे त्याच्याहूनही कमी मिळकतीच्या माणसाकडे. म्हणजे गाडीचे वय जसजसे चढते तसतशी तिच्या मालकाची मिळकत साधारणतः उतरत जाते. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, की गाडीच्या वयावर आधारलेली प्रत्येक कपात प्रत्यक्षात समाजाच्या कोणत्या थरावर पडते हे वेगळे सांगावे लागत नाही.

विमा ही मुळात भांडवलशाहीने शोधलेली युक्ती नव्हे. अनेकांनी थोडे थोडे द्यावे आणि ज्याच्यावर आपत्ती ओढवेल त्याला त्यातून उभे करावे, हे तिचे तत्त्व सहकाराचेच तत्त्व आहे. प्रश्न एवढाच, की हा सामायिक निधी कोणाच्या हाती आहे आणि तो वाटण्याचे नियम कोणी केले. आपल्या देशात १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तिऱ्हाइतासाठीचा विमा सक्तीचा ठरवला आणि ती तरतूद १९४६ पासून अमलात आली. पुढे १९७१ च्या मे महिन्यात सर्वसाधारण विमा कंपन्यांचा कारभार सरकारने ताब्यात घेतला, १९७२ साली राष्ट्रीयीकरणाचा कायदा झाला, आणि १ जानेवारी १९७३ पासून १०७ देशी-विदेशी विमासंस्थांचा व्यवसाय चार सरकारी कंपन्यांमध्ये एकवटला. त्यांची मुख्यालये कलकत्ता, मुंबई, दिल्ली आणि मद्रास अशी देशाच्या चार बाजूंना होती. १९९९ च्या कायद्याने हे क्षेत्र खाजगी कंपन्यांना पुन्हा खुले झाले. १ जानेवारी २००७ पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली. तिऱ्हाइतासाठीच्या विम्याचे दर मात्र नियंत्रितच राहिले.

या दोन भागांतला फरक कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा. कारण बहुतेक मालकांनाच तो ठाऊक नसतो. पॉलिसीचा पहिला भाग तिऱ्हाइतासाठी, म्हणजे गाडीखाली सापडलेल्या पादचाऱ्यासाठी, धडक बसलेल्या सायकलस्वारासाठी असतो. तो सक्तीचा आहे आणि तो मालकाच्या सोयीसाठी नाही, तर बळी पडणाऱ्याच्या हक्कासाठी आहे. २०२२ या एका वर्षात आपल्या देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. रस्त्यावरील वाहनांपैकी जवळजवळ निम्मी विम्याविना धावतात असे सरकारी आकडेच वेळोवेळी सांगत आले आहेत. यावरून या सक्तीची अंमलबजावणी किती पोकळ आहे ते दिसते. दुसरा भाग गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक आहे, आणि जुन्या गाडीचा मालक पैसे वाचवण्यासाठी पहिल्यांदा कात्री लावतो ती याच भागाला. प्रस्तुत विवेचन मुख्यतः या दुसऱ्या भागाविषयी आहे.

आता भरपाईचे गणित पाहू. दर वर्षी पॉलिसी घेताना गाडीची एक किंमत ठरवली जाते; तिला आयडीव्ही म्हणतात. गाडी पूर्णपणे नष्ट झाली किंवा चोरीस गेली तर भरपाईची कमाल मर्यादा तीच. नव्या गाडीच्या किमतीतून पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्ष पूर्ण होईतो १५, मग दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के असा घसारा वजा होतो. पाच वर्षांनंतर मात्र ठरीव कोष्टक नाही. कंपनी आणि मालक यांनी परस्परसंमतीने किंमत ठरवावी असा नियम आहे. परस्परसंमती हा शब्द दिसायला मोठा लोकशाहीचा आहे. प्रत्यक्षात एजंट संगणकावरील एक आकडा सांगतो, हप्ता कमी दिसावा म्हणून तो आकडा पुष्कळदा खालचा असतो, आणि मालक मान डोलावतो. ज्या संमतीत एका पक्षाला आपण कशाला संमती देत आहोत हेच उमगलेले नसते, तिला करार म्हणणे हा अर्थशास्त्रातला जुना विनोद आहे.

एक काल्पनिक पण रोजच्या व्यवहारातले उदाहरण घेऊ. नऊ वर्षांची एक लहान मोटार आहे. तशीच गाडी जुन्या बाजारात घ्यायची तर १,६०,००० रुपये पडतात आणि पॉलिसीतही तीच किंमत लिहिलेली आहे. समोरून धडक बसून बॉनेट, एक फेंडर, पुढचा दरवाजा, बंपर, हेडलाइट आणि काच यांचे नुकसान झाले. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपने एक लाखाचा अंदाज दिला: पत्र्याचे नवे भाग ४०,०००, प्लास्टिकचे भाग २४,०००, काच ६,०००, रंगकाम १६,००० आणि मजुरी १४,०००. सर्व्हेअरने सगळा अंदाज जसाच्या तसा मान्य केला असे धरू. तरीही मालकाच्या पदरी एक लाख पडत नाहीत. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर गाडीचे वय काहीही असले तरी निम्मी कपात. म्हणजे १२,००० गेले. पत्र्याच्या भागांवर पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के कपात, १६,००० गेले. गाडी दहा वर्षांपलीकडची असती तर तीही निम्मी झाली असती. काचेवर कपात नाही. रंगकामाच्या एकूण रकमेतला चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरून त्याच्या निम्मे, म्हणजे २,००० गेले. शिवाय लहान इंजिनाच्या गाडीला सक्तीची वजावट १,००० रुपयांची. एकंदर ३१,००० मालकाने भरायचे आणि ६९,००० कंपनीने. ज्याच्या घरी महिन्याची मिळकत वीस-पंचवीस हजार आहे, त्याने विमा असूनही सव्वा ते दीड महिन्याची कमाई गॅरेजात ओतायची.

या कपातीमागे एक युक्तिवाद आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. विम्याने नुकसान भरून निघावे, नफा होऊ नये, हे तत्त्व योग्यच आहे. निधी सर्वांचा आहे. जुना टायर फुटला म्हणून कोणी नवा टायर फुकट मिळवला तर ते बाकीच्या हप्ते भरणाऱ्यांच्या खिशातून गेले. टायर, बॅटरी, रबरी नळ्या या वस्तू वापराने झिजतात. त्यांच्या जागी नव्या आल्या म्हणजे मालकाच्या हाती खरोखरच काही जास्तीचे येते. तेथे कपात न्याय्य आहे. परंतु दरवाजा झिजत नाही. नऊ वर्षे उघडझाप केलेला धड दरवाजा नव्या दरवाजाचेच काम करतो, आणि अपघातानंतर नवा दरवाजा बसवला म्हणून त्या गाडीला बाजारात एक पैसाही अधिक मिळत नाही. उलट गाडी ठोकलेली आहे हे कळले की किंमत उतरतेच. म्हणजे ज्या लाभाच्या नावाखाली १६,००० रुपये कापले, तो लाभ मालकाला झालेलाच नाही. लाभ नसताना केलेली ही कपात म्हणजे नुकसानीचा काही भाग मालकाच्या माथी परत मारणे होय. हे कोष्टक २००२ च्या मोटार टॅरिफमधून चालत आलेले आहे. २००७ साली दरांवरचे नियंत्रण उठले, कंपन्या हप्ता ठरवण्यास मोकळ्या झाल्या, पण कपातीचे कोष्टक तेवढे पॉलिसीत ठाण मांडून राहिले. नव्या गाडीच्या मालकाला जादा हप्ता भरून ही कपात टाळता येते. जुन्या गाडीला ते संरक्षण बहुधा नाकारले जाते. स्पर्धेने ग्राहकाला मिळणारी निवड ही अशी ज्याच्याजवळ आधीच आहे त्याच्यासाठीच राखलेली असते.

तथापि याच कोष्टकात एक जागा अशी आहे की जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. मालावर कपात आहे, श्रमावर नाही. सर्व्हेअरने मान्य केलेली मजुरी पूर्ण मिळते, मग गाडी दोन वर्षांची असो वा वीस. याचा अर्थ काय होतो ते वरच्याच उदाहरणात पाहू. चेपलेला दरवाजा आणि फेंडर बदलण्याऐवजी कुशल मिस्त्रीने पत्रा काढून, ठोकून, सरळ करून दिला. फक्त बॉनेट नवे घातले. पत्र्याच्या भागांचा खर्च ४०,००० वरून १५,००० वर आला आणि मजुरी १४,००० वरून २६,००० झाली. एकंदर बिल ८७,००० चे. पत्र्यावरची कपात आता ६,०००, प्लास्टिकची १२,०००, रंगाची २,००० आणि वजावट १,०००. मालकाचा भार ३१,००० वरून २१,००० वर येतो आणि कंपनीचा ६९,००० वरून ६६,००० वर. मालक वाचतो, निधी वाचतो, गावातल्या मिस्त्रीच्या हाताला बारा हजारांचे जास्त काम मिळते. यात कोणाचे नुकसान झाले असेल तर ते केवळ सुट्या भागांच्या विक्रेत्याचे.

मग सर्रास भाग बदलण्याकडेच कल का? कारण मोठ्या वर्कशॉपची कमाई सुट्या भागांच्या विक्रीत आहे, ठोकण्याच्या श्रमात नाही. कंपनीच्या यादीतील वर्कशॉपमध्ये रोख न भरता काम होते, ही सोय मालकाला तिकडे ओढते. रस्त्याकडेच्या गॅरेजात आधी पैसे भरून मग बिल मागावे लागते. शिवाय गाड्यांचे कारखानदार आपले अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहितीपुस्तके आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, ही तक्रार जुनीच आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये स्पर्धा आयोगाने याच कारणावरून १४ मोटार उत्पादकांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड सुनावला. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण सुट्या भागांचा बाजार बंदिस्त आहे हा आयोगाचा निष्कर्ष नोंदला गेलेला आहे. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि मोटारींचा समावेश त्या विषयात केला. समिती नेमणे ही सुरुवात झाली. हक्क कायद्याने मिळतो.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. सगळेच ठोकून सरळ करावे असा याचा अर्थ नाही. आजच्या मोटारीला जुन्या ट्रकसारखा वेगळा चेसिस नसतो. तिचा पत्र्याचा सांगाडाच भार आणि धक्का पेलतो. पुढचे आडवे-उभे दांडे वाकले असतील, सीटबेल्ट ताणले गेले असतील, एअरबॅग फुटली असेल, स्टिअरिंगचे भाग दुखावले असतील तर तेथे बदलच हवा आणि मापे जुळवूनच काम व्हायला हवे. बाहेरचा पत्रा ही दिसण्याची बाब आहे, सांगाडा ही जिवाची. पैसे वाचवण्याच्या भरात हा भेद विसरणारा मिस्त्री मालकाचा मित्र नव्हे. गाडी उघडल्यावर आत आणखी नुकसान सापडले तर काम थांबवून सर्व्हेअरला पुन्हा बोलवावे आणि वाढीव अंदाज मंजूर करून घ्यावा. आधी दुरुस्ती आणि मग मंजुरी असा उलटा क्रम झाला की तो खर्च हातचा जातो.

आता या गणिताची दुसरी, अधिक कठोर बाजू. पॉलिसीच्या अटींनुसार धरलेला दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या पलीकडे गेला, तर गाडी पूर्णतः नष्ट झाली असे मानले जाते. हा खर्च घसारा कापण्यापूर्वीचा की नंतरचा, यावर वाद होतात. आपल्या उदाहरणात १,६०,००० चे ७५ टक्के म्हणजे १,२०,०००. एक लाखाची दुरुस्ती त्याच्या आत आहे. परंतु त्याच मालकाने एजंटच्या सांगण्यावरून आयडीव्ही ८०,००० लिहू दिली असती तर? मर्यादा ६०,००० वर आली असती आणि कोणत्याही हिशेबाने ती ओलांडली गेली असती. मालकाला ७९,००० मिळतील आणि गाडी भंगारात जाईल. किंवा मोडकी गाडी स्वतःकडे ठेवायची असेल तर तिची भंगाराची किंमत, समजा ३०,०००, कापून ४९,००० हाती येतील. मिस्त्रीचे ८७,००० चे बिल भागवायला ३८,००० घरचे घालावे लागतील. योग्य आयडीव्ही असती तर २१,००० त भागले असते. आयडीव्ही अर्धी लिहून वाचले किती? हप्त्याचा दर तीन टक्के धरला तर २,४०० रुपये, आणि निम्मा नो क्लेम बोनस मिळत असेल तर फक्त १,२००. बाराशे रुपयांच्या बचतीसाठी सतरा हजारांचा जास्तीचा खड्डा, आणि गाडी सोडून तशीच दुसरी घ्यायची म्हटले तर ८१,००० चा.

येथेच अर्थशास्त्रातला जुना भेद जिवंत होतो: वस्तूचे विनिमयमूल्य आणि उपयोगमूल्य. बाजार म्हणतो, ही गाडी ऐंशी हजारांची. तिच्यावर ज्याचे रोजचे पोट चालते किंवा ज्याच्या आईचे उपचार चालतात, त्याला ती गाडी नव्या गाडीइतकेच काम देते. दुरुस्त होण्याजोगी वस्तू केवळ कागदावरची किंमत कमी म्हणून मोडीत काढणे हे मालकाचे नुकसान आहेच. ते देशाच्या लोखंडाचे, इंधनाचे आणि श्रमाचेही नुकसान आहे. धोरणाचा ओघ मात्र उलट दिशेने आहे. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या खाजगी मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण पूर्वी ६०० रुपयांत होत असे. १ एप्रिल २०२२ पासून ते शुल्क ५,००० करण्यात आले. धूर ओकणारी, ब्रेक न लागणारी गाडी रस्त्यावरून हटलीच पाहिजे, पण ती निवड तपासणीने व्हावी, मालकाच्या खिशाने होऊ नये.

दावे नाकारले जाण्याची जी कारणे आहेत, त्यांतही जुन्या गाडीचा मालकच अधिक सापडतो. पहिले कारण नावाचे. गाडी दुसऱ्याकडून घेतली, नोंदणी आपल्या नावे केली, पॉलिसी मात्र विकणाऱ्याच्याच नावे राहिली. कायद्याने तिऱ्हाइताचे संरक्षण गाडीबरोबर आपोआप पुढे जाते. स्वतःच्या नुकसानीचे जात नाही. त्यासाठी चौदा दिवसांच्या आत पॉलिसी आपल्या नावे करून घ्यावी लागते. दुसरे कारण वापराचे. पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीत भाडे घेऊन माणसे बसवली आणि अपघात झाला की कंपनी अटभंगावर बोट ठेवते. नियम मोडणे समर्थनीय नाही. पण अशा प्रकरणातही दावा संपूर्ण फेटाळू नये, मान्य रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत तडजोडीने द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलेले आहे. कंपनीचे नकाराचे पत्र आले म्हणजे सगळे संपले असे मानून घरी बसणाऱ्यांना हे सांगितले पाहिजे.

किरकोळ नुकसानीचा दावा करावा की नाही, हाही हिशेबाचाच प्रश्न आहे. नो क्लेम बोनस ओळीने २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढतो. एका दाव्याने तो शून्यावर येतो. पन्नास टक्क्यांवरचा मालक पुन्हा तेथे पोचेपर्यंत पाच नूतनीकरणांत अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के गमावतो. एकूण वर्षाच्या हप्त्याच्या १२५ टक्के. गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता ४,८०० चा धरला आणि आयडीव्ही दरसाल उतरते ते सोडून दिले तर हे ६,००० रुपये झाले. बंपर ५,०००, बसवणी १,००० आणि रंग २,००० असे बिल असेल तर कपाती जाऊन हाती येतात ४,२५०. असा दावा न केलेला बरा. उलट मोठ्या नुकसानीत बोनस जाईल म्हणून दावा टाळणे हेही अज्ञानच.

अपघातात चूक दुसऱ्या वाहनाची असेल तर आणखी एक वाट आहे आणि ज्याने फक्त तिऱ्हाइतासाठीचा विमा घेतला आहे त्याला ती विशेष महत्त्वाची. मोटार अपघात न्यायाधिकरण केवळ मृत्यू आणि जखमांच्या भरपाईसाठी नाही. तिऱ्हाइताच्या मालमत्तेच्या नुकसानीचा दावाही तेथे चालतो. धडक देणाऱ्याच्या पॉलिसीतून तेथे भरपाई मागता येते आणि ती मागणी आपल्या पॉलिसीच्या घसाऱ्याच्या करारावर आधारलेली नसते, तर दुसऱ्याच्या निष्काळजीपणावर असते. त्यासाठी पोलिसांत नोंद, जागेवरचे फोटो, दोन्ही गाड्यांचे क्रमांक, साक्षीदार आणि दुरुस्तीची पक्की बिले हवीत. २०१९ च्या दुरुस्तीने असा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करावा असे ठरवले, ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. तेव्हा वेळ दवडू नये.

या साऱ्यातून चळवळीच्या मागण्या निघतात. न झिजणाऱ्या भागांवरील वयाधारित कपात रद्द करावी किंवा निदान पाच वर्षांनंतर ती वाढू देऊ नये. पाच वर्षांपुढील गाडीची आयडीव्ही जुन्या बाजारातील किमतींच्या जाहीर कोष्टकावरून ठरावी आणि ती कमी लिहिल्याचे परिणाम मालकाला त्याच्या भाषेत लिहून द्यावेत. तपासून प्रमाणित केलेले जुने सुटे भाग विम्यात मान्य करावेत. कुर्ल्यासारख्या बाजारांत आज जुन्या भागांचा मोठा व्यापार चालतो, पण त्यात चोरीचा माल कोणता आणि भंगारातला कोणता हे ग्राहकाला कळत नाही. २०२१ च्या नियमांनी उभ्या राहिलेल्या नोंदणीकृत वाहन-भंगार केंद्रांकडून असे भाग दाखल्यासह मिळू शकतील. पूर्णतः नष्ट ठरलेल्या गाडीची नोंदणी रद्द करण्याची जबाबदारी काटेकोर पाळली जावी. आज तिचे नोंदणीपुस्तक भंगारवाल्याच्या हाती राहिले तर ते एखाद्या चोरीच्या गाडीला चिकटण्याचा धोका असतो. आणि मिस्त्रींच्या सहकारी संस्थांना, आवश्यक साधने व प्रशिक्षण देऊन, कंपन्यांच्या रोखविरहित यादीत स्थान मिळावे. चारही सरकारी कंपन्यांनी यात पुढाकार घ्यावा. त्या खाजगी कंपन्यांसारख्याच वागणार असतील तर १९७२ च्या राष्ट्रीयीकरणाचा अर्थ काय उरला? २०२१ च्या दुरुस्तीने या कंपन्यांतील सरकारचा हिस्सा ५१ टक्क्यांखाली आणण्याची वाट मोकळी झाली आहे. तेव्हा हा प्रश्न विचारण्यास फार काळ उरलेला नाही.

मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक शाखेत एक कार्यकर्ता असा तयार व्हावा, ज्याला पॉलिसी वाचता येते. लोकांना त्याने सांगावे: नूतनीकरणाच्या दिवशी आयडीव्हीचा आकडा पाहा, अपघातानंतर कंपनीला ताबडतोब कळवा, मोठे नुकसान असेल तर सर्व्हेअर येण्यापूर्वी गाडी उघडू नका, बदलायचे काय आणि ठोकायचे काय याची यादी सर्व्हेअरसमोरच ठरवा, कपात कोणत्या भागावर किती केली याचा तपशील आणि सर्व्हे अहवालाची प्रत लेखी मागा. कंपनीने अन्याय केला तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर न आले किंवा ते असमाधानकारक असले तर विमा लोकपालाकडे जावे. त्याची कार्यालये मुंबई आणि पुणे येथे आहेत, तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतची तक्रार तो ऐकू शकतो; मात्र कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जावे लागते. जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा आहे.

मित्रहो, एकेका माणसाचे वीस-तीस हजार रुपये ही मोठ्या राजकारणाच्या मानाने क्षुल्लक गोष्ट वाटेल. पण सामान्य माणूस व्यवस्थेला भेटतो तो अशाच क्षुल्लक जागी: चेपलेल्या दरवाजापाशी, न कळणाऱ्या बिलापाशी, नकाराच्या छापील पत्रापाशी. तेथे तो एकटा सापडतो, आणि एकटा म्हणूनच हरतो. त्या जागी त्याच्या शेजारी हिशेब जाणणारा एक कार्यकर्ता उभा राहिला, तर सामायिक निधी म्हणजे काय आणि त्यावर आपला हक्क कोणता, हे त्याला शंभर व्याख्यानांपेक्षा अधिक चांगले कळेल.